अमेरिकेत अणुमिसाईल सोडणारे सैनिक जमिनीखाली दिवसभर करतात तरी काय? आणि एकटा माणूस मिसाईल सोडू शकतो का?

तुम्ही अमेरिकेबद्दल विचारलंय. मी सैन्यातला नाही, पण अशा एका खोलीत उभा राहून आलोय. आम्ही डेन्व्हरला राहायचो तेव्हा आई आली होती, तिला बॅडलँड्स नावाचं नॅशनल पार्क दाखवायला साउथ डकोटात गेलो आणि तिथेच हायवेजवळ डेल्टा ०१ आहे, १९६३ ते १९९१ चालू असलेलं मिसाईल कंट्रोल सेंटर, आता सगळ्यांना बघता येतं. वरून बघाल तर गवताळ माळावर एक बैठं साधं घर. लिफ्टने ३१ फूट खाली गेलं की आठ टनांचा दरवाजा आणि त्यावर तिथल्याच पोरांनी पिझ्झाच्या बॉक्ससारखं मिसाईलचं चित्र काढलंय, जगभर ३० मिनिटांत डिलिव्हरी नाहीतर पुढचा फुकट. आईने विचारलं काय लिहिलंय, मी सांगितलं, ती बराच वेळ काही बोललीच नाही. मला त्या पोरांचा राग नाही आला, बावीस-पंचवीस वर्षांचे लेफ्टनंट असतात हे, पुन्हा पुन्हा त्या दारातून आत जायचं म्हणजे मनाला काहीतरी आधार लागतोच.

आत दोनच ऑफिसर, २४ तासांची ड्युटी, त्याला अलर्ट म्हणतात. खोली म्हणजे मोठी कॅप्सूल, धक्का बसला तरी टिकावी म्हणून लटकवलेली, खुर्च्यांना विमानासारखे पट्टे. एका सेंटरकडे दहा मिसाईल आणि ती तिथून कित्येक मैल लांब, शेतांमध्ये विखुरलेली. दिवसभराचं काम म्हणजे चेकलिस्ट, येणारे टेस्ट मेसेज उलगडून तपासणं आणि अलार्म. सायलोजवळून, म्हणजे मिसाईल ठेवलेल्या जमिनीखालच्या खड्ड्याजवळून, ससा पळाला तरी सेन्सर वाजू शकतो, मग वरच्या सिक्युरिटीवाल्यांना गाडी काढून बघायला जावं लागतं, बर्फ असो नाहीतर रात्रीचे दोन. जेवण वरचा कुक बनवतो. आळीपाळीने झोपायचं, तिथेच एक बेड असतो. पूर्वी बरेच जण खाली बसून मास्टर्सचा अभ्यास करायचे. आपली मिसाईल नेमकी कुठल्या शहरावर रोखलेली आहेत हे त्यांना सांगितलेलं नसतं, आणि मला वाटतं ते माहीत नसतं म्हणूनच झोप तरी लागत असेल.

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. वायोमिंग, मोंटाना आणि नॉर्थ डकोटामधल्या तीन बेसवर मिळून आजही मिनिटमन-३ नावाची ४०० अणुमिसाईल तयार ठेवलेली आहेत आणि अशी ४५ सेंटर्स आहेत. २०१९ पर्यंत तर यांच्या कम्युनिकेशन सिस्टिममध्ये आठ इंची फ्लॉपी वापरत होते! २०२३ मध्ये मोंटानातल्या मॅल्मस्ट्रॉम बेसच्या काही सेंटर्समध्ये पीसीबी नावाचं कॅन्सरशी जोडलं गेलेलं केमिकल मर्यादेपेक्षा जास्त सापडलं, तिथे काम केलेल्या ऑफिसरांना लिम्फोमा नावाचा कॅन्सर झाल्याच्या तक्रारी आल्यावर तपासणी झाली तेव्हा. याबद्दल फार कमी बोललं जातं आणि ते मला फार लागतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. खाली एकट्याने काहीच होत नाही. मिसाईल सोडायच्या किल्ल्या ठेवलेल्या लाल तिजोरीला दोन कुलपं, प्रत्येकाचं आपापलं. डेल्टा ०१ मध्ये दोन किल्ल्यांच्या जागा एवढ्या लांब आहेत की एका माणसाचे हात दोन्हीकडे पोचूच शकत नाहीत आणि फिरवायच्या मात्र दोघांनी एकदम. त्यावरही मिसाईल लगेच सुटत नाही, दुसऱ्या एखाद्या सेंटरमधल्या जोडीनेही तसंच करावं लागतं. म्हणजे चार माणसं.

पण वर? वर हुकूम देणारा राष्ट्राध्यक्ष एकटाच असतो, त्याला कुणाची सही लागत नाही. १९७३ मध्ये मेजर हॅरोल्ड हेरिंग यांनी मिसाईलच्या ट्रेनिंगमध्ये नेमकं हेच विचारलं की मला मिळालेला हुकूम डोकं ठिकाणावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाचा आहे हे मी कसं ओळखायचं. व्हिएतनाममध्ये रेस्क्यू हेलिकॉप्टर उडवलेला माणूस, भित्रा नक्कीच नव्हे. उत्तर मिळालं नाही, ट्रेनिंगमधून काढलं, पुढे एअर फोर्समधूनही काढलं. नंतर ते ट्रक चालवायचे.