साठ वर्षं जुनं बैठं घर आणि रान माजलेलं परसदार सहा लाखांत राहण्याजोगं होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात आजोबांनी १९६०च्या दशकात बांधलेलं बैठं घर आठ-दहा वर्षं बंद आहे. गच्ची गळते, मागच्या खोलीला लोणा (ओलीमुळे भिंतीवर फुलणारे क्षार) लागलाय, परसदारी पुरुषभर गवत आहे. हातात सहा लाख आहेत. काका म्हणतात पाडा, मेव्हणे म्हणतात बिल्डरला द्या. तुम्हाला तिथे दिवाळीपर्यंत राहायला जायचंय, आणि सुरुवात स्वयंपाकघरापासून करावी की फरशीपासून, हे विचारताय.

दोन्हीपासून करू नका. पाण्यापासून करा.

आमचं घर सहकारनगरमधलं. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, त्यानंतरच्या काळातलं. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, त्यामुळे त्या वेळच्या बऱ्याच घरांत पाया काळ्या दगडाचा, भिंती विटांच्या आणि सांध्यात चुना असतो. तुमचंही तसंच असणार. किल्लीने एक सांधा खरवडून बघा. पांढरट भुगा सहज पडला तर चुना आहे. हे आत्ताच बघायला सांगते कारण पुढे प्लास्टर आणि रंग दोन्ही त्यावर ठरतात.

आता पाडायचं की ठेवायचं. याचं उत्तर काका देऊ शकत नाहीत आणि मीही नाही. ते स्लॅब देतो. प्रत्येक खोलीत वर बघा. नुसते डाग असतील तर चिंता नाही. गिलावा फुगून पडलाय, आतली सळई दिसतेय आणि गंजून तिचे पापुद्रे निघतायत, असं एकाहून जास्त खोल्यांत असेल तर पहिला खर्च स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या फीचा करा. तो टिकाव चालवायच्या आधी आला पाहिजे, नंतर नाही. मोरीच्या वर किंवा गच्चीच्या कडेला एखाद्या ठिकाणीच असं असेल तर ते सहा लाखांत बसतं. सगळीकडे असेल तर बसत नाही, आणि मग मेव्हण्यांशी बोलायला हरकत नाही. एक मात्र आधीच सांगते: हॉल मोठा करायचा म्हणून मधली भिंत काढायचं मनात असेल तर विसरा. या घरांत कॉलम नसतात, नऊ इंची भिंतच स्लॅब पेलते.

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तुमची गच्ची ८०० चौरस फूट धरली तर पन्नास हजार लिटरच्या वर पाणी तिच्यावरून खाली येतं. ते कुठून उतरतं, कुठे थांबतं, कुठे मुरतं, हे एका जोरदार पावसात छत्री घेऊन उभं राहून बघा. जमलं तर एक पावसाळा अख्खा जाऊ द्या आणि रंगाचा विचार त्यानंतर करा. दिवाळीच्या तोंडावर रंगारी तसाही भाव खातो.

गच्चीवर बहुधा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा उताराचा थर असेल, वर चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे. कॉन्ट्रॅक्टर सगळं उखडून नवीन घालू म्हणेल. लगेच हो म्हणू नका. उतार ठीक असेल, पाणी डबक्यासारखं साचत नसेल, तर गळती बहुतेक वेळा दोन जागांहून असते: गच्ची आणि कठड्याची भिंत जुळते तो कोपरा, आणि पाणी बाहेर टाकणाऱ्या पाइपचं तोंड. कोपऱ्यातला गोल वाटा (तिथे भरलेला मॉर्टरचा गोलसर पट्टा) फोडून पॉलिमर घातलेल्या मॉर्टरने नवा करायचा, पाइपभोवती पुन्हा भरायचं, भेगा रुंद करून बुजवायच्या आणि वर जाळी घालून ॲक्रिलिक कोटिंगचे दोन हात. हे काही जन्मभराचं काम नाही, काही वर्षांनी कोट पुन्हा द्यावा लागतो. पण पूर्ण कोबा बदलण्याच्या मानाने खर्च बराच कमी, आणि पांढरा कोट दिला तर एप्रिल-मेमध्ये खालच्या खोल्या थोड्या निवतात. काम झालं की पाइप बुजवून गच्चीत दोन इंच पाणी एक-दोन दिवस भरून ठेवा. खाली ओल आली नाही तरच पैसे. कठड्यात पिंपळ उगवला असेल तर नुसता कापू नका, तो परत येतो. मुळासकट काढून ती जागा भरून घ्या.

आता मागच्या खोलीचा लोणा. यावर लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात: वॉटरप्रूफ पुट्टी, डॅम्पप्रूफ रंग, वर टाइल्स. तुम्ही आधी भिंतीच्या बाहेर जा. मागची जमीन जोत्याच्या, म्हणजे घर ज्या दगडी चौथऱ्यावर उभं आहे त्याच्या, वर आलीय का बघा. साठ वर्षांत पालापाचोळा कुजतो, कोणी भराव टाकतो, कोणी कपडे धुवायला सिमेंटचा ओटा करतो, आणि अंगण वीत-दीड वीत वर चढतं. आमच्याकडे मागच्या भिंतीलगत खणायला लागलो तर आधी काळी माती, मग विटांचे तुकडे, मग जुन्या कोब्याचा थर, आणि त्याखाली जोत्याच्या काळ्या दगडाची घडीव कड निघाली. म्हणजे खोलीची विटांची भिंत बाहेरून मातीत बुडालेली होती. वात तेल ओढते तशी वीट मातीतलं पाणी वर ओढते, आणि चुन्याच्या सांध्यात क्षार फुलतात. त्या भिंतीलगत दोन फूट रुंद पट्टा जोत्याच्या खाली उतरवला, बाहेरच्या बाजूला उतार दिला, तळात विटांचा चुरा आणि वर खडी टाकली. आतलं फुगलेलं प्लास्टर कंबरेपर्यंत काढून भिंत एक उन्हाळा तशीच उघडी ठेवली. पाहुणे नाक मुरडायचे. भिंत वाळली.

चुन्याच्या भिंतीवर कडक सिमेंटचं प्लास्टर आणि त्यावर प्लास्टिक रंग दिला की ओल आत कोंडते आणि दोन हात वर जाऊन फुटते. तिथे चुना मिसळलेला सौम्य गिलावा आणि साधा डिस्टेंपर किंवा चुनाच बरा. मिस्त्री म्हणेल, ‘ताई, आता चुन्याचं काम कोण करतं?’ पेठांतल्या वाड्यांच्या दुरुस्तीवर काम केलेला म्हातारा गवंडी शोधा, तो करतो.

घर बैठं आहे, तर वाळवीही बघून घ्या. चौकटीच्या बुंध्याशी मातीचे बारीक बोगदे दिसले तर प्लास्टरच्या आधी भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडून घ्यायचं. नंतर केलं तर नवी भिंत पुन्हा फोडावी लागते.

पाइप आणि वायरिंग यावर लिहिण्यासारखं फार नाही, कारण तिथे काटकसर करायची नसते. जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजून बुजलेले असतात, सगळे बदला. लाकडी पट्टीवरची वायरिंग असेल तर तीही पूर्ण काढा, नवं अर्थिंग करून घ्या आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. दिव्यांना दीड, प्लगला अडीच, गीझरला चार चौरस मिलिमीटरची वायर. सामान विजेच्या सामानाच्या बाजारातून, तपकीर गल्लीत स्वतः जाऊन आणा, बिलासकट.

मग वाचवायचं कुठे? फरशीत. तुमच्याकडे मोझॅक असेल तर व्हिट्रिफाइड टाइल्सचं नाव काढू नका. मळकट दिसतंय तो वर्षांचा मळ आहे, खाली फरशी धडधाकट असते. फुटलेल्या जागा रंग मिसळलेल्या पांढऱ्या सिमेंटने भरायच्या आणि मशीन पॉलिश. पॉलिश होताना करड्या चिखलाचा रेंदा निघतो. तो मोरीत जाऊ दिला तर नव्या पाइपात दगड होऊन बसतो, म्हणून उंबऱ्याशी चिंध्यांचा बांध घालून बादलीने भरून काढायला लावा. हे काम प्लंबिंगनंतर आणि रंगाआधी.

खिडक्या सागवानी असतील तर ॲल्युमिनियमच्या स्लायडिंगवाल्याला दारातूनच परत पाठवा. चौकटीचा खालचा भाग कुजतो, तेवढा तुकडा सुतार कापून नवा जोडतो. रंग खरवडून जवसाचं तेल पाजलं की खाली साग हसायला लागतो. पितळी कड्या-कोयंडे हवे असतील तर रविवारी किंवा बुधवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चक्कर मारा, आणि घासाघीस करायला घरातल्या ज्येष्ठ बाईमाणसाला न्या. स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा आहे ना? त्याला पॉलिश करा, खाली स्टीलच्या मांडण्या लावा. ट्रॉल्या पुढच्या वर्षी बोनस आला की.

आता परसदार. तुम्ही ज्याला रान म्हणताय त्यात निम्मं काँग्रेस गवत असणार. देशात त्याची पहिली नोंद १९५०च्या दशकात पुण्यातलीच मानतात, हा मान आपला. ते फुलोऱ्यावर यायच्या आधी, पावसाने माती मऊ असताना मुळासकट उपटायचं. हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून, कारण अंगाला खाज सुटते. फुलं आलेली असतील तर खतात टाकू नका. मात्र पुरुषभर माजलेल्यात पावसाळ्यात थेट शिरू नका. आमच्यासारखं तळजाईच्या टेकडीजवळ असाल तर घोणस, नाग दोन्ही निघू शकतात. आधी लांब दांड्याने वरचं गवत कापून घ्या, बूट घाला, आणि साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा. झाड तोडायचं असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, झाड तुमच्या आवारात असलं तरी. १९७५चा कायदा आहे, आणि शेजारी तक्रार करायला तयारच असतात.

गवत निघालं की पहिलं काम ड्रेनेजची चेंबरं शोधणं. ती मातीखाली गेलेली असतात, आणि तिथेच कोणीतरी हौसेने झाड लावतं. मग जमिनीला घरापासून लांब जाणारा उतार द्या. जुनी शहाबादी फरशी निघाली तर फेकू नका: मुरूम दाबून, त्यावर क्रश सँड पसरून, मध्ये फटी ठेवून सिमेंटशिवाय बसवा, पाणी मुरतं. फोडलेल्या विटांचा राडारोडाही याच वाटेच्या तळात जिरवा. तो उचलायला टेम्पोवाला खेपेचे पैसे घेतो आणि रात्री नदीकाठी ओतून येतो. गच्चीचं पाणी घरापासून निदान दहा फूट लांब शोषखड्ड्यात सोडा. रेन वॉटर हार्वेस्टिंगची रीतसर नोंद केलीत तर महापालिका मिळकतकरात ५ टक्के सवलत देते, जोडीला गांडूळखत किंवा सौर असेल तर १० टक्के.

झाडांना पहिल्या वर्षी पैसे घालू नका. मोरीचं पाणी जिथे उतरतं तिथे अळू आणि केळ, उन्हात कढीपत्ता आणि लिंबू. शेवग्याची फांदी शेजाऱ्याकडून आणून मे महिन्यात खोचा, पण भिंतीपासून आणि तारांपासून लांब, कारण तो वादळात मोडतो. लॉनचा विचारही नको.

पैशांची वाटणी मी अशी करेन: सहा लाखांतले एक लाख बाजूला, कुणालाही न सांगता. उरलेल्यातले निम्मे गच्ची, पाइप, ड्रेनेज आणि मागची जमीन यांत. एक-सव्वा लाख वायरिंगला. राहिलेल्यात प्लास्टर, पॉलिश, खिडक्या आणि आतला रंग. बाहेरचा रंग या खेपेला नाही. गच्चीचं काम पावसाच्या आधी, मेअखेरीपर्यंत संपलं पाहिजे, म्हणजे दिवाळीचा तुमचा बेत जमेल तो दोन खोल्यांपुरता. तेवढ्यावर राहायला जा आणि बाकीचं आत राहून करा. घरमालक जागेवर असला की काम वेगळंच होतं.

प्लास्टर, फरशी, रंग अशा आतल्या दुरुस्तीला महापालिकेची परवानगी लागत नाही. पण मागे पत्र्याची शेड चढवणार असाल तर चौकशी करा, आणि प्लॉट सोसायटीचा असेल तर तिथे एक पत्र आधी द्या.

कॉन्ट्रॅक्टरशी बोलताना मजुरी वेगळी आणि माल वेगळा लिहून घ्या, प्लास्टरचा दर ब्रासवर ठरवा, म्हणजे शंभर चौरस फुटांवर. कोटेशनमध्ये ‘वॉटरप्रूफिंग’ या एका शब्दापुढे एकच आकडा असेल तर सही करू नका: किती फूट, कुठलं मटेरियल, किती हात, हे सगळं कागदावर हवं. आणि गच्चीच्या बिलातले दहा टक्के पहिला मोठा पाऊस होईपर्यंत द्यायचे नाहीत, ही अट कामाच्या आधी तोंडावर सांगा. जो ती ऐकून उठून जाईल, त्याला जाऊ द्या.