करणाऱ्याचं पान पहिल्या पंगतीला

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी पाणी प्यायला म्हणून तुझ्या स्वयंपाकघरात आले तेव्हा पावणेचार वाजले होते. आम्ही सगळे बाहेर बडीशेप चघळत बसलो होतो आणि तू ओट्याशी उभ्याने जेवत होतास. ताटसुद्धा घेतलं नव्हतंस. पुऱ्या लाटून ठेवल्या होत्यास त्याच परातीच्या कडेला बटाट्याची भाजी आणि हातात गार होऊन बसलेली पुरी. मला बघून ओशाळलास आणि म्हणालास, "काकू, आठवडाभर ऑफिस असतं, म्हणून शनिवार-रविवार घरी निवांत काहीतरी करावं, आपल्या हातचं खावं, एवढंच मनात होतं. पण सोमवारी मी जास्तच दमलेला असतो. सोडून देऊ का हे?"

मी काहीच बोलले नाही. काकूंना राग आला असं तुला वाटलं असेल. आला होता. कुणावर, ते पुढे सांगते.

घरचं जेवण चांगलं, पोटाला बरं, पैसे वाचतात, हे मी तुला सांगत बसणार नाही. सराफा आणि छप्पन दुकान यांसारखे खाऊबाजार ज्या इंदुरात आहेत तिथे राहून जो मुलगा रविवारी स्वतः कणीक तिंबायला घेतो, त्याला ते कळलेलंच असतं. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि तीच मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. करणाऱ्याचं पान पहिल्या पंगतीला. सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या वेळेला, मांडी घालून किंवा खुर्चीवर, पण बसून.

तू लगेच म्हणशील, पुरी तर गरमच वाढायला हवी. मग पुरी नको! पुरी आतल्या वाफेवर फुगते, वाफ गेली की पाच मिनिटांत बसते आणि मग चिवट होते. म्हणून पुरीला कढईशी कायम एक माणूस उभा लागतो. फुलक्याचं तेच, भाकरीचं तेच. साबुदाण्याची खिचडी गार झाली की दाणा कडक होतो, मग तीही थोडीथोडी गरम करत वाढत बसायची. हे सगळे पदार्थ मला आवडतात. घरात तुम्ही दोघंच असाल तर एकाने लाटावं, एकाने भाजावं, चार झाले की गॅस बंद करून दोघांनी बसावं. पण सहा पाहुणे बोलावून जो पुऱ्या तळायला घेतो, त्याने आपलं पान स्वतःच्या हाताने उचलून ठेवलेलं असतं. तू दमलास तो स्वयंपाकाने नाही रे. दोन तास दुसऱ्यांना जेवताना बघून दमलास.

तेव्हा पदार्थ निवडताना आधी विचारायचं, हा माझ्यासाठी थांबेल का? जो थांबतो तो रविवारचा.

आणि थांबणारे पदार्थ आपल्या इंदुरात काय कमी आहेत? बाफल्यांचंच बघ. बाटी, म्हणजे कणकेचा भाजलेला गोळा, तर मुळातच थांबणारी. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून माणूस शेतातल्या कामाला जायचा आणि परत येईपर्यंत ती भाजून तयार. बाफला तिचाच भाऊ, फक्त भाजण्याआधी उकडलेला. शनिवारी चक्कीवर जा आणि बाटीचं पीठ माग, इंदूरच्या कुठल्याही चक्कीवाल्याला एवढं सांगितलं की तो जाडसर दळून देतो. अर्धा किलो पिठाला पाऊण वाटी मक्याचं पीठ, ओवा, हळद, मीठ, दोन चमचे दही, चिमूटभर सोडा. तुपाचं मोहन इतकं, की पीठ मुठीत दाबलं तर मुटका उभा राहावा. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेव. गोळ्याला मध्ये अंगठ्याने खळगा करायचा, म्हणजे आतपर्यंत शिजतो. उकळत्या हळदीच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, वर तरंगायला लागले की झालं. आता घाई करू नकोस. फडक्यावर पसरून पूर्ण कोरडे होऊ दे, बोटाला ओल लागता कामा नये. ओले तसेच बाटीकुकरात टाकलेस तर वरचं कवच धरत नाही आणि आत गिच्च राहतात. मंद आचेवर फिरवत फिरवत अर्धा तास. अंगावर भेगा पडल्या की थोडे दाबून तुपात बुडवायचे आणि डब्यात झाकून ठेवायचे. तासभर सुखाने थांबतात, आत तूप मुरतं, उलट चांगलेच लागतात.

डाळ तुरीची, मूठभर हरभऱ्याची घालून. ती बोरिंगच्या पाण्यात लावू नकोस. तुझ्या सोसायटीत बोरिंगचा आणि नर्मदेचा असे दोन्ही नळ आहेत, मी पाहिलेत. जड पाण्यात डाळ टचटचीत राहते, कितीही शिट्ट्या कर. नर्मदेचं पाणी इंदूरला १९७८ साली आलं, त्याच्या पुढच्याच वर्षी मी लग्न होऊन आले. विहिरीच्या पाण्यावर डाळ शिजेना म्हणून रडकुंडीला यायचो, हे सासूबाईंच्या तोंडून पुष्कळदा ऐकलंय. डाळीला फोडणी घालून झाकून ठेव. काकडीची कोशिंबीर करून ठेव, पण मीठ बसायच्या वेळी घाल, नाहीतर पाणी सुटतं. साडेबाराला गॅस बंद. एक वाजता सगळ्यांनी एकदम बसायचं, मधोमध पातेली, ज्याला हवं त्याने घ्यावं. त्या एक वाजता तुझं पान मांडलेलं दिसलं पाहिजे.

पावसाळ्यात भुट्ट्याचा, म्हणजे मक्याच्या कणसाचा, कीस कर. किसून झाल्यावर अर्धा तास ढवळावं लागतं खरं, पण एकदा दूध आटलं की तो थांबतो. वाढताना घट्ट वाटला तर दुधाचा हबका पुरे. मसालेभात थांबतो. पुरणपोळी तर दुसऱ्या दिवशी जास्त खमंग लागते, शनिवारी करून ठेव. पण यातलं एकच. तुझ्या फ्रिजवर चिकटवलेली सात पदार्थांची यादी मी वाचली. पुऱ्या, भाजी, मठ्ठा, श्रीखंड, भजी, मसालेभात आणि वर टोमॅटोचं सार. लग्नघर आहे का? एवढ्याला आचारी लागतो, आणि आचारी कधी पंगतीत बसलेला पाहिलास? रागावू नकोस. ती यादी बघूनच माझा जीव गलबलला, कारण तशा याद्या मी एकतीस वर्षं केल्या.

मी शाळेत शिकवायचे, सोमवार ते शनिवार. रविवार एकच. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात त्या एका रविवारी नऊ माणसांची पंगत बसायची आणि मी फुलके करायचे. तव्यावरून विस्तवावर, विस्तवावरून ताटात. १८१८ साली मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली, तेव्हापासून मराठी घरं इथे रुजत गेली. माळव्याने त्यांना बाफले दिले, पोहे-जलेबी दिली. आम्ही सगळं आनंदाने घेतलं, फक्त पंगतीची रीत तीच ठेवली. बायकांचं पान शेवटी. कुणी "तुमचं काय?" म्हणून विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, "तुम्ही सुरू करा, मी आलेच."

हे माझं ताट आपल्या शेजारी मांडून ठेवायचे. काही म्हणायचे नाहीत. ताट मांडायचे, पाण्याचा तांब्या ठेवायचे, आपलं जेवण संपत आलं की माझ्या ताटावर दुसरं ताट पालथं घालून उठायचे. वर्षानुवर्षं. मला तेव्हा ते ताट म्हणजे मी आल्यावर खायची सोय वाटायची. ते मला बोलावत होते, हे ते गेल्यावर कळलं.

आता मी तेव्हाच का नाही बसले, असं विचारशील. एकदा बसले होते. १९९४ सालचा जानेवारी, रविवार, थंडी. सगळ्यांच्या ताटात दोन-दोन फुलके वाढले, बाकीचे डब्यात ठेवले आणि जाऊन बसले. कुणी काही बोललं नाही. पहिला घास मी घेतला तेवढ्यात सासूबाई पाटावरून उठल्या. सत्तरी उलटलेली, गुडघे धरलेले. भिंतीला हात लावत चुलीपाशी गेल्या आणि लाटणं उचललं. टोमणा नाही, काही नाही. त्यांना गार फुलका घरातल्या माणसांच्या ताटात बघवत नव्हता, इतकंच. मी उठले. कोण बसून राहिलं असतं? तूही नसतास राहिलास. म्हणून मला कुणी म्हटलं की तुम्हीच स्वतःला मागे ठेवलंत, तर मी ते ऐकून घेत नाही. त्या घरात त्या दिवशी दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. एवढं मात्र करता आलं असतं की पुढच्या रविवारपासून फुलक्यांऐवजी बाफले लावले असते. डोक्यात आलं नाही. इतकं सोपं होतं आणि डोक्यात आलं नाही, याची खंत मला आहे, आणि म्हणून तुझ्यामागे लागले आहे.

वर लोक म्हणायचे, "अगदी अन्नपूर्णा आहे!" अन्नपूर्णा मंदिरात हात मी रोज जोडते, देवीबद्दल माझी तक्रार नाही. तिच्या हातात पळी शोभते, तिला भूक लागत नाही. पण माणसाला कुणी अन्नपूर्णा म्हणालं की समजावं, आपलं पान आता मांडलं जाणार नाही. रविवारी तुझ्या मित्राने तुला "तू तर पक्का शेफ झालास" म्हटलं आणि तू खूश होऊन आणखी चार पुऱ्या तळल्यास. तो कौतुकच करत होता, पण खुर्चीवर बसून.

लेक माझी पुण्याला असते. मागच्या महिन्यात रविवारी दुपारी तिने फोन लावला, कॅमेरा जेवणाच्या टेबलाकडे करून ठेवला, नातवंडं जेवत होती. मागून तव्याचा आवाज आणि तिचा आवाज, "तुम्ही सुरू करा, मी आलेच." शब्द माझे, हेल माझा, 'आलेच'वरची ती गडबड माझी. तिला मी हे कधीच शिकवलं नव्हतं. ती पंगतीत बसून ऐकत होती, इतकंच. आता तुझी तीन वर्षांची मुलगी रविवारी तुझ्या पायात घुटमळत होती, तिला तू दोनदा म्हणालास, "जा, खा, बाबा आलेच." राग आला तो याचा.

तेव्हा सोडून देऊ का, असं विचारू नकोस. सोडायचं असेल तर पुऱ्या सोड, यादी सोड, गरमगरमचा हट्ट सोड. कणकेत हात घालणं सोडू नकोस, तुझा हात चांगला आहे. भाजीतली मिरची-आल्याची चव मला अजून आठवते आहे. पाहुण्यांना थोडं कोमट खाऊ दे. त्यांना चालतं. खरंच चालतं, मी एवढ्या वर्षांनी सांगते आहे.

येत्या रविवारी बाफले लाव. मी साडेबाराला येते. बाफले बुडवायला तूप आणू नकोस, घरचं कढवलेलं घेऊन येते, आणि कैरीच्या लोणच्याची बरणीही. गॅस बंद झाल्यावर स्वयंपाकघराचा ताबा माझा. सगळ्यात आधी तुझं पान मी वाढणार, लेकीला तुझ्या शेजारी बसवणार, आणि तू घास घेतल्याशिवाय बाकीच्यांच्या ताटात डाळ पडणार नाही.

तुझी
काकू

ता. क. लसणाची लाल चटणी शनिवारी रात्रीच वाटून ठेव. रविवारी मिक्सर काढायचा नाही.