नुसतं 'ओके.' आलं की पोटात गोळा येतो

प्रश्न : ताई, आमच्या टीमचं सगळं काम चॅटवरच चालतं. लीडचा नुसता 'ओके.' असा मेसेज आला की दिवसभर डोक्यात तेच, काही चुकलं का म्हणून. विचारायचीही भीती वाटते. मी जास्तच सेन्सिटिव्ह आहे का?

उत्तर : अगं नाही गं, त्या 'ओके'पुढच्या टिंबाने भल्याभल्यांची झोप उडवलीये! चॅटवर आवाज नसतो, चेहरा नसतो, मग रिकामी जागा आपलं मन भरतं आणि ते नेहमी वाईटच भरतं. तिकडे लीड बिचारा दुसऱ्या मीटिंगमध्ये बसून एका हाताने टाइप करत असेल.

आधी स्वतःशी नाव दे, हा राग आहे, भीती आहे की नुसता थकवा. 'कसंतरी होतंय' म्हणून भागत नाही. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या टीमने २००७मध्ये ब्रेन स्कॅन करून दाखवलं होतं की भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीती-धोका टिपणाऱ्या भागाची, सक्रियता कमी होते.

मग सरळ फोन कर. 'मेसेज वाचून मला कळलं नाही, काही बदलायचंय का?' एवढंच. 'तुम्ही माझ्यावर चिडलात का' असं नको, त्याने समोरचा उगाच बचावात जातो.

आणि विचारायची भीती वाटते ना, ती मात्र तुझी एकटीची अडचण नाही, टीमची आहे. टीमवर्कच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलमधल्या टीम्स बघितल्या तेव्हा चांगल्या टीम्समध्ये चुकांची नोंद उलट जास्त निघाली, कारण तिथे लोक चुका लपवत नव्हते. हे लीडलाही सांग, पण पहिल्याच फोनवर नको हं!