राधानगरीचा तलाव एका दिवसात: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : कोल्हापुरातून सकाळी निघून राधानगरी धरण, राऊतवाडीचा धबधबा, दाजीपूरचे जंगल हे सगळे एकाच रविवारी करायचे आहे. आम्ही पाच जण, त्यात दोन मुले. गाडी स्वतःची. वेळेचे गणित सांगाल का?
(एक वाचक, राजारामपुरी)

तिन्ही ठिकाणे एका दिवसात बसतात, पण कागदावर. मुळात या तिघांचा हंगाम एक नाही. राऊतवाडीला पाणी असते पावसाळ्यात, आणि नेमकी तेव्हाच अभयारण्यातली सफारी बंद असते. हिवाळ्यात जंगल खुले होते, तोवर धबधब्याची धार बारीक झालेली असते. तेव्हा आधी महिना ठरवा, ठिकाणे त्यावरून आपोआप ठरतील. जुलै-ऑगस्टमध्ये धरण आणि धबधबा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तलाव आणि दाजीपूर.

आता हिवाळ्यातला दिवस धरू. कोल्हापूर ते राधानगरी साधारण 50 किलोमीटर आणि तिथून दाजीपूर आणखी 30, म्हणजे जाऊन-येऊन 160 किलोमीटर. लहान गाडी घाटरस्त्याला लिटरमागे 15 किलोमीटर देते असे धरले तर 11 लिटर पेट्रोल लागेल. ते कोल्हापुरातच भरून घ्या. सकाळी साडेसहाला रंकाळा ओलांडलात तर सव्वाआठपर्यंत राधानगरीत चहा होतो. धरणाचा परिसर पाहायला दीड तास पुरे. भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही, त्यामुळे तिथे अडून बसू नका. तलावाची खरी मजा पुढे दाजीपूरच्या रस्त्याला आहे. झाडीतून मध्येच पाणी दिसते, पुन्हा लपते आणि पुढच्या वळणाला भलतीकडेच उगवते. गाडी थांबवायची ती वळण संपून सरळ रस्ता लागल्यावर. वळणावर दार उघडून फोटो काढणारे सगळ्यांनाच धोक्यात घालतात. अकरापर्यंत दाजीपूर, तिथे वनखात्याच्या फाटकावर चौकशी करून सफारी, दीडला जेवण, आणि तीनला परतीची गाडी.

तीनच का, असे अनेक जण विचारतात. ऊसतोडीच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, भोगावती-परिते पट्ट्यात उसाने भरलेले ट्रॅक्टर असतात. एकामागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर आलेले ऊस, आणि मागे लाल दिवा बहुधा नसतोच. दिवसा ट्रॉली लांबून दिसते, पण अंधार पडला की ती अंगावर आल्यावरच कळते. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. तीनला निघालात तर हा पट्टा उजेडात पार पडतो, म्हणून तीन.

मुलांना गाडी लागत असेल तर निघताना पोटभर दूध देऊ नका. पोहे किंवा अर्धी भाकरी पुरते. पुढच्या सीटवर बसवायचे म्हटले तरी वयाचे आणि पट्ट्याचे नियम आहेत, म्हणून लहानग्याला मागेच बसवा, काच थोडी खाली ठेवा आणि मोबाइल हातात देऊ नका. घाटात मान खाली घालून पडद्याकडे पाहणाराच पहिला ओकतो. दाजीपूरकडे रेंज जाते, त्यामुळे नकाशा आधी उतरवून घ्या. सुटे पैसेही बरोबर असू द्या, रेंज गेली की फोनवरून पैसे देणेही थांबते.

एसटीने जायचे असेल तर रंकाळा स्टँडवर चौकशी करा. फोंडा घाटाने कोकणात उतरणाऱ्या गाड्याही राधानगरीवरूनच जातात. पण एसटीने फक्त राधानगरी ठरवा, दाजीपूरचा हट्ट धरू नका. परतीची गाडी चुकली की संध्याकाळ रस्त्यावर जाते.

प्रश्न : राधानगरीचे दरवाजे उघडलेले पाहायचे आहेत. तारीख कळेल का?
(एक वाचक, इचलकरंजी)

तारीख कोणीच देऊ शकत नाही. याचे कारण दरवाजांच्या रचनेतच आहे. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. ते उघडायला कोणी बटण दाबत नाही. पाणी 347.50 फुटांच्या पूर्ण पातळीला पोचले की पाण्याच्या दाबानेच ते उघडतात आणि पातळी उतरली की आपणहून मिटतात. एका दरवाजातून 1428 क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) पाणी सुटते, म्हणजे सातही उघडले तर दहा हजार क्युसेकच्या घरात. रात्री दोनला चार दरवाजे उघडे असतील आणि सकाळी तुम्ही पोचेपर्यंत दोनच उरले असतील, असे होऊ शकते.

बहुतेक वर्षी जुलैचा शेवटचा आठवडा ते ऑगस्टचा पूर्वार्ध या काळात धरण भरते. धरणाची साठवण 8.36 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. भरण्याच्या टक्क्यांवर लक्ष ठेवा. 95 टक्क्यांच्या पुढे गेले आणि पाणलोटात पाऊस लागून राहिला, की दिवस जवळ आला समजा. कोल्हापूरकर हे आकडे पावसाळ्यात पाठच करतात, क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसे.

पण दुसरा आकडाही तितकाच पाहायचा: पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. राधानगरीचे पाणी भोगावतीतून पंचगंगेलाच येते. त्यामुळे दरवाजे उघडणे आणि नदी चढणे या गोष्टी जोडीने येतात. नदी 39 कडे सरकत असेल तर जाऊ नका. सकाळी मोकळा असलेला सखल रस्ता किंवा बंधारा संध्याकाळी पाण्याखाली असतो आणि माणसे पलीकडे अडकतात. रस्त्यावर पाणी दिसले तर पुढची गाडी गेली म्हणून आपली घालू नये. ती ट्रकची उंची होती, आपली नाही.

प्रश्न : धरण शाहू महाराजांनी बांधले असे म्हणतात, पण ते पूर्ण झाले नंतर, असेही वाचले. खरे काय?
(एक विद्यार्थिनी, कागल)

दोन्ही खरे. काम महाराजांनी सुरू केले. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले, आणि धरण पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. गावाचे नाव महाराजांच्या कन्या राधाबाईंवरून, तर तलावाचे नाव महाराणी लक्ष्मीबाईंवरून. भोवतीचे अभयारण्य 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. गवा दिसेलच असे नाही. शेकरू मात्र वर पाहिलेत तर दिसायची शक्यता बरी. लोक खालीच पाहत चालतात.

प्रश्न : जेवण घरून न्यायचे आहे. दहीभात नेला की दुपारपर्यंत आंबतो. काय चुकते?
(एक गृहिणी, शाहूपुरी)

गरम भातात दही कालवता, तिथेच चुकते. गरम भातात दही पटकन आंबते, आणि डबा घट्ट लावला की वाफ आत कोंडून वासही येतो. पाच जणांसाठी 2 वाट्या तांदूळ 5 वाट्या पाण्यात मऊ शिजवा. परातीत पसरून कोमट होऊ द्या. बोट घातले तर चटका बसता कामा नये. मग भात पळीने थोडा घोटून त्यात 3 वाट्या कोमट दूध आणि फक्त 1 मोठा चमचा दही घाला. पातळ वाटेल, वाटू द्या. सकाळी सहाला कालवलेला असा भात गाडीतच विरजत जातो आणि दुपारी एकपर्यंत बेताचा आंबट होतो. फोडणी गार करून घाला. मीठ, काकडी, कोथिंबीर वेगळ्या डब्यात न्या आणि जेवताना मिसळा, कारण मीठ आणि काकडी आधी घातली तर पाणी सुटते. थंडीत दोन चमचे दही चालेल, कारण विरजायला वेळ लागतो.

बाकी भाकरी किंवा दशम्या माणशी तीन, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. भडंग पत्र्याच्या डब्यात न्या, पिशवीतले पावसाळ्यात तासाभरात सादळते. पिण्याचे पाणी माणशी दोन लिटर. जेवलात तिथे काहीही सोडू नका, शिळी भाकरीसुद्धा. जनावरांना माणसाच्या डब्याची सवय लागली की ती रस्त्यावर येऊन बसतात आणि गाडीखाली मरतात.

पावसाळ्यात जळवा लागतात. जळू ओढून काढू नका. मीठ किंवा तंबाखूचे पाणी लावले की त्या आपोआप सुटतात. रक्त थोडा वेळ वाहत राहते, घाबरू नका, धुऊन फडके दाबून धरा.

प्रश्न : आईचे वय 78, गुडघे दुखतात. तिला इतका प्रवास झेपणार नाही. जवळ काय?
(एक वाचक, सांगली)

मग कोल्हापुरातला रंकाळा तलावच. त्यात कमीपणा काही नाही. महालक्ष्मीचे दर्शन घेऊन रिक्षाने दहा मिनिटांत पोचाल. त्यांना पूर्व बाजूच्या चौपाटीवर बसवा, कारण सूर्य पलीकडे पाण्यावर मावळतो. सूर्यास्ताच्या तासभर आधी या, बसायला जागा मिळते. उन्हाळ्यात पाणी उतरले की तलावातला जुना दगडी संध्यामठ पाण्यातून डोके वर काढतो. पावसाळ्यात तो बुडालेला असतो, त्यामुळे तो दिसला नाही म्हणून हिरमुसू नका. काठालगत टिबुकली शोधायला आईंना सांगा. छोटेसे तपकिरी पाखरू, पाहता पाहता बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. कुठे निघेल याची पैज लावता येते.

एक सूचना. कडक उन्हाळ्यात पाणी हिरवे होऊन वास येतो, केंदाळही साचते, तेव्हा नाकाला त्रास असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर बरा. आणि गणपती विसर्जनाच्या दिवशी अजिबात येऊ नका. विसर्जन होते ती इराणी खण शेजारीच आहे, भोवतालचे रस्ते वाहनांना बंद असतात.

प्रश्न : राधानगरीच्या पाण्यात पोहता येईल का?
(एक तरुण वाचक, कोल्हापूर)

नाही. काठ चांगला दिसतो, पण दोन पावलांवर उतार एकदम खोल जातो. पाणी उतरल्यावर गाळ उघडा पडतो, वरून वाळलेला आणि आतून ओला. पाय गुडघ्यापर्यंत रुतला की पोहण्याची कला कामाला येत नाही.