'कर्करोगाशी झुंज' : वाक्याचा कर्ता कोण?

प्रश्न असा आहे, की आरोग्यविषयक मजकुरात 'कर्करोगाशी झुंज' असे लिहावे का आणि ते खटकत असेल तर पर्याय काय.

'झुंज' हा शब्द 'युध्'पासून प्राकृत 'जुज्झ'मार्गे आलेला, घरचाच आहे. अडचण आहे ती विभक्तीची. 'तिला ताप आला', 'त्याला कर्करोग झाला' अशा वाक्यांत मराठी दुखण्याला कर्तेपण देते आणि माणसाला चतुर्थीत ठेवते, त्यामुळे दोष कोणाकडेच जात नाही. 'ती कर्करोगाशी झुंजली' म्हणताच मात्र ती स्वतः कर्ता होते, आणि पुढे 'हरली' आले की गाठ पसरल्याचा जाबही तिच्याकडेच मागितल्यासारखा होतो. 'रुग्णाने केमोथेरपीला प्रतिसाद दिला नाही' हे वाक्यही त्याच वळणाचे. आपली जुनी रचना 'दुखणे औषधाला दाद देईना' ही आहे, आणि दाद न देणारे दुखणे असते, माणूस नव्हे, हे तिला पक्के ठाऊक आहे.

ही लढाईची भाषा सरकारी पातळीवरूनही पसरली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७१ मध्ये सही केलेला कायदा 'कर्करोगाविरुद्धचे युद्ध' म्हणूनच ओळखला जातो. हाउझर आणि श्वार्ट्झ या संशोधकांना २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले, की अशा भाषेमुळे धोका वाढवणाऱ्या सवयींना आवर घालण्याची लोकांची तयारी कमी होते. यात नवल नाही, कारण लढणे म्हणजे चाल करून जाणे, आणि धूम्रपान किंवा मद्य सोडणे म्हणजे हात आखडता घेणे.

रुग्ण स्वतः 'मी झुंजते आहे' म्हणत असेल, तर तिचा शब्द दुरुस्त करायला जाऊ नये; कित्येकांना त्यातून बळ मिळते. पण लिहिणाऱ्याने आपण होऊन तो तिच्यावर लादू नये. 'तिच्यावर उपचार सुरू आहेत' किंवा 'कर्करोगाने निधन झाले' एवढे पुरते. ('मात केली' तर बुद्धिबळातून आलेले, तिथे डाव संपतो, इथे तपासण्या वर्षानुवर्षे चालू राहतात.)

माणसाला कर्ता करणे नेहमीच चूक असते असे नाही. 'गाठ हाताला लागली तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा' या सूचनेत ते योग्यच आहे, कारण ती वाचणाऱ्याच्या हातात अजून काहीतरी असते. निदान झाल्यावर 'तुम्ही अंगावर काढलेत' असे त्याच माणसाला सांगताना मात्र तेच क्रियापद ठपका ठेवते.