मत नको, अडलेलं काम विचार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. जुन्या ट्रकवाल्यांच्या आपल्या गटाला तू पाठवलेला फॉर्म सोबत होता, तोही वाचला. चोवीस प्रश्न, प्रत्येकापुढे एक ते पाच तारे, आणि शेवटी ‘गट आणखी चांगला व्हावा म्हणून आपलं मत कळवा’. उत्तरं आली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातही बहुतेकांनी ‘छान चाललंय’ एवढंच लिहिलं. त्यावरून तू निष्कर्ष काढलास की मराठवाड्यातल्या माणसाला जुन्या ट्रकचा फोटो बघायला आवडतो, बाकी कशाचं काही पडलेलं नाही, तेव्हा गट बंद करावा. ‘पडलेलं नाही’ हे पुन्हा लिहू नकोस. ज्या माणसानं शेडमध्ये बापाची बेडफर्ड पत्रे टाकून झाकून ठेवली आहे, भंगारवाला दर महिन्याला दारात येऊनही विकलेली नाही, त्याला पडलेलं नाही असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. चूक तुझ्या प्रश्नात आहे.

तू मत विचारलंस. मत विचारलं की आपला माणूस भिडस्तपणानं ‘छान’ म्हणतो आणि मोकळा होतो. त्याला विचार, ‘तुझं काम शेवटचं कुठं अडलं?’ मग बघ, तो बोलायचा थांबत नाही. या पत्रात मी हे पुनःपुन्हा सांगणार आहे, कंटाळलास तरी चालेल.

आधी वेळेचं बघू. फॉर्म तू ऐन सोयाबीनच्या काढणीत पाठवलास. त्या दिवसांत मळणी यंत्राची पाळी आणि पावसाची भीती यांपलीकडे कुणाचं डोकं चालत नाही. पाठोपाठ कापूस वेचणी आणि साखर कारखान्यांचा हंगाम. ज्यांच्या जुन्या गाड्या अजून उसावर आहेत ते मार्च उजाडेपर्यंत हाती लागत नाहीत. पण कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गाडी रिकामी होते आणि मिस्त्रीकडे जाते. इंजिन उतरतं, हाउसिंग उघडतं, आणि नेमकं तेव्हाच काम अडतं. म्हणून विचारायचं ते चैत्र-वैशाखात, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, गाडी खोललेली असताना.

प्रश्न पाचच ठेव. गाडी कोणती, कोणत्या सालची, चालू की उभी? शेवटचं काम कुठं अडलं? तेव्हा कुणाकुणाला विचारलं? गटात विचारलं का, आणि नसेल तर का नाही? शेवटी सुटलं कसं, आणि किती दिवस गेले? बस. ‘आवडतं का’, ‘हवं का’, ‘वाटतं का’ असला एकही प्रश्न त्यात शिरू देऊ नकोस. उद्या दिनदर्शिका हवी का म्हणून विचारशील तर सगळे हो म्हणतील, आणि छापून आल्यावर गठ्ठे तुझ्याच घरी पडून राहतील.

पहिल्या प्रश्नावर आळस करू नकोस. ‘टाटा’ हे उत्तर नव्हे. टाटा आणि डाइमलर-बेन्झ यांचा करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षांचा. त्या काळातली नाकावर मर्सिडीजचा तारा असलेली गाडी आणि त्यानंतरची ‘टी’ अक्षराची गाडी बाहेरून भावंडं दिसली तरी सुटा भाग मागताना साल आणि मॉडेल दोन्ही लागतात. लेलँडवाल्याला कॉमेट की हिप्पो ते विचार. डॉज आणि फार्गो प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या, बेडफर्ड हिंदुस्तान मोटर्सची, शक्तिमान १९५९ पासून जबलपूरच्या लष्करी कारखान्यात जर्मनीच्या मान (MAN) कंपनीच्या परवान्यावर बनलेली. लिलावातून आलेली शक्तिमान बाळगणाऱ्याची अडचण आणि डॉजवाल्याची अडचण एका रकान्यात टाकलीस तर दोघांच्याही उपयोगाचं काही निघणार नाही. चेसिस प्लेटचा, म्हणजे गाडीचा नंबर ठोकलेल्या पट्टीचा, फोटो माग, पण गटावर नको, फक्त तुझ्याकडे. कित्येकांचे कागद थकलेले आहेत, कुणाची गाडी अजून आजोबांच्या नावावर आहे. नंबर चारचौघांत जाईल या धाकानं माणूस पहिल्याच प्रश्नाला गप्प होतो. उत्तर कोण वाचणार, ते लिहून ठेवायची वही कुठं राहणार, हे आधी स्पष्ट सांग.

आता ज्यांना टाइप करायचा कंटाळा आहे त्यांचं. आपल्या गटातलं निम्मं ज्ञान निवृत्त ड्रायव्हर आणि मिस्त्री लोकांपाशी आहे. त्यांना फॉर्म पाठवणं म्हणजे त्यांना बाहेर ठेवणं. फोन लाव, दहा मिनिटं बोल, किंवा व्हॉइस मेसेज पाठवायला सांग. बोलताना ‘काका, शेवटचं कुठं अडलं होतं?’ एवढंच विचारून गप्प बस. मधेच तोंड घालून उत्तर सुचवू नकोस. ही खोड तुझ्या पिढीला फार आहे.

आणि ऐकलेलं त्यांच्याच शब्दांत लिही. या बाबतीत मी हटून बसतो आणि लोकांना तो माझा दुराग्रह वाटतो, तर कारण ऐक. समज, पर्किन्स इंजिनाची डॉज बाळगणारा एक जुना ड्रायव्हर म्हणतो, ‘सकाळी एका हाताला चालू होते, ढाब्यावर थांबून निघताना होत नाही, पंपावर ओलं फडकं टाकलं की होते.’ तू वहीत लिहिशील ‘स्टार्टिंगची समस्या’. मग गटात कुणी बॅटरी बदलायला सांगेल, कुणी सेल्फ उघडायला लावेल आणि त्याचे पैसे जातील. त्या ‘ओल्या फडक्यात’ सगळं निदान आहे. इंजिनाला दाबानं डिझेल देणाऱ्या रोटरी पंपाचा फिरणारा रोटर आणि त्याभोवतीचं हेड झिजले की तापलेलं, पातळ झालेलं डिझेल त्यांच्या फटीतून निसटतं. सेल्फच्या मंद फेऱ्यांवर नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. थंड झालं की डिझेल थोडं घट्ट होतं आणि काम भागतं. म्हणजे पंप उतरवून बेंचवर तपासायला हवा, बॅटरीचा काही संबंध नाही. शिवाय त्याला हेही सांगायला हवं की फडक्यापुरतं ठीक, पण तापलेल्या पंपावर बादलीनं गार पाणी ओतलं तर रोटर जाम होण्याची भीती असते. ‘स्टार्टिंगची समस्या’ या दोन शब्दांतून यातलं काही कळलं असतं का?

तसंच, पुढचं चाक जिच्यावर वळतं ती ‘किंगपिन मिळत नाही’ हे. ते मत नाही, अडलेलं कामच आहे, पण अर्धवट सांगितलेलं. लगेच उलट विचार की व्यास किती, लांबी किती, लॉक-पिनची खाच वरून किती अंतरावर? व्हर्नियर मधल्या भागावर लावायला सांग. तो भाग अ‍ॅक्सलच्या डोळ्यात पक्का धरलेला असतो, म्हणून झिजत नाही. वरची-खालची टोकं बुशमध्ये फिरतात, तिथं मोजलं तर झिजलेलं माप येतं आणि मग लेथवाला त्याच मापाची नवी पिन करून देतो. अशी मापं वहीत जमत गेली की वर्षभरात तुझ्याकडे एक यादी उभी राहील. मला विचारशील तर हाच या सगळ्या विचारपूशीचा खरा लाभ.

फॉर्म सगळ्यांना सोडण्याआधी तिघांवर घासून बघ. एक निवृत्त ड्रायव्हर, एक मिस्त्री आणि ज्याच्या घरी गाडी उभी आहे पण पाना कधी धरला नाही असा एक कॉलेजचा पोरगा. तिघांना प्रश्न मोठ्यानं वाचून दाखव. जिथं ‘म्हणजे?’ असं विचारतील तो प्रश्न बदल, समजावत बसू नकोस.

उत्तरं आल्यावर मोजायचं कसं, यात सगळेच घसरतात. निरोप मोजायचे नाहीत, माणसं मोजायची. एक उत्साही माणूस पंधरा वेळा लिहितो आणि वाटतं की साऱ्या गटाची हीच मागणी आहे. दुसरं, ब्रेक आणि स्टिअरिंगचं काही असेल तर एकानं सांगितलं तरी ते सगळ्यात वर. व्हील सिलिंडरचे रबर कप कुणी डिझेलनं धुतले, ते फुगले, पाय काढल्यावरही ब्रेक सुटेना आणि ड्रम तापून लाल व्हायची वेळ आली, असं एकाच्याही उत्तरात आलं तर त्याच दिवशी सगळ्यांना कळव, की कप ब्रेक ऑइलनंच धुवा आणि फुगलेले फेकून द्या. तिथं बहुमताची वाट बघायची नसते.

चौथा प्रश्न, ‘गटात का विचारलं नाही?’, हा तुला सर्वांत जास्त बोचेल. मी लिहून देतो, त्यात ‘विचारलं की हसतात’ हे उत्तर येणारच. कुणी जुन्या गाडीला दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स बसवला, कुणी लाकडी बॉडीच्या जागी लोखंडी पत्रा मारला, की आपल्यातले शुद्धतावादी तुटून पडतात. अरे, त्याच्या गावात सागवानी फळी आणि ती बसवणारा सुतार दोन्ही परवडत नसतील. गाडी जालन्याच्या पोलाद भट्टीत वितळण्यापेक्षा पत्र्याच्या बॉडीनं उभी राहिली हे मोठं आहे. मूळ रूपाचा आग्रह मलाही आहे, तो मी सोडणार नाही. पण आग्रह सांगायचा तो काम सुटल्यानंतर. गटात एकच नियम लाव, की कुणाच्याही अडचणीला पहिलं उत्तर हे गाडीबद्दलचा प्रश्न असलं पाहिजे, शेरा नको.

गट सोडून गेलेल्यांनाही विचार, त्यांना भीड नसते. आणि नव्यानं आलेल्याला पंधरा दिवसांच्या आत विचार, नंतर तोही सरावतो आणि आपल्यासारखाच आंधळा होतो.

कागदपत्रांची अडचण पुष्कळांच्या उत्तरात येईल. तिथं उगाच वकिली करू नकोस. २०२१ च्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या आणि व्यापारी वापर नसलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. मालवाहू सहाचाकीला ती आपोआप लागू होईल असं कुणाला सांगू नकोस, आपापल्या आरटीओत लेखी अर्ज करायला लाव आणि आलेलं उत्तर वहीत चिकटव. बीडचं, नांदेडचं, लातूरचं उत्तर शेजारी-शेजारी ठेवलं की पुढच्याला वाट सापडेल.

मग परतफेड. उत्तर दिलेल्या प्रत्येकाला पंधरा दिवसांत कळव की काय करणार, काय करणार नाही आणि का नाही. ‘नाही’ सांगायला लाजू नकोस. विचारून गप्प बसलेल्या माणसाला लोक दुसऱ्यांदा उत्तर देत नाहीत. एका वेळी एकच बदल कर, दोन महिने चालू दे. मापांची यादी आधी, मिस्त्र्यांची जिल्हावार यादी नंतर, तीही ज्याच्या-त्याच्या परवानगीनं. तीन महिन्यांनी त्याच माणसांना फोन करून विचार, ‘सुटलं का?’ तेव्हाही ‘कसं वाटलं’ विचारू नकोस.

तू म्हणशील की काका एकच गोष्ट धरून बसलेत, मतांनाही किंमत असते. असते ना. पण या भागात डिझेल पंप कानानं जुळवणारी, स्प्रिंगच्या पाट्यांचा सेट नुसत्या नजरेनं ओळखणारी माणसं एकेक करून चालली आहेत. त्यांनी काय केलं ते कुणी लिहून घेतलं नाही, सत्कार मात्र झाले. शाल-श्रीफळ देताना त्यांना ‘आपल्याला कसं वाटतं’ असंच विचारलं गेलं. याची मला खंत आहे आणि म्हणून मी हट्ट धरतो. मत पुढच्या वर्षीही मिळेल. त्या माणसाचं काम कुठं अडलं होतं आणि त्यानं ते कसं सोडवलं, हे पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही.

गट बंद करायचा विचार डोक्यातून काढ. जुना फॉर्म बाजूला ठेव. दोनशे पानी वही घे, उजव्या पानावर त्यांचे शब्द, डाव्या पानावर गाडी, साल, माप आणि पुढं काय झालं. गुढीपाडव्याच्या आत त्या तिघांवर प्रश्न घासून बघायचं काम उरकून घे आणि वहीची पहिली चार पानं फोटो काढून मला पाठव. अक्षर सुधारत बसू नकोस. ड्रायव्हरकाकांना फोन करशील तेव्हा दुपारी एक ते चार टाळ, ते झोपतात.

तुझा,
काका