कॅमेऱ्याच्या शंका: मुद्दाम घालवलेला फोकस

प्रश्न: बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रोषणाईचे मोठे गोल ठिपके यावेत म्हणून मुद्दाम फोकस घालवून फोटो काढले. कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या १८-५५ मिमी किट लेन्सवर ठिपके बारीक आले, काही तर लांबट. लेन्स बदलू का?
– एक वाचक, शहापूर

उत्तर: एवढ्यात नको. ठिपका किती मोठा होणार हे लेन्सच्या उघड्या छिद्राचा व्यास आणि फोकस किती जवळ आणलाय, यावर ठरतं. झूम ५५ वर न्या, अ‍ॅपर्चर, म्हणजे हेच छिद्र, पूर्ण उघडं म्हणजे एफ ५.६ वर ठेवा आणि फोकस मॅन्युअल करा, नाहीतर कॅमेरा दिवा दिसला की फोकस लावायला धावणारच. मग फोकस अगदी जवळच्या टोकाला आणा आणि ठिपके हवे तेवढे होईपर्यंत रिंग हळूहळू मागे फिरवा.

या लेन्सचं छिद्र ५५ वर १० मिमीच्या आतच असतं. ५० मिमी एफ १.८ या लेन्समध्ये ते जवळजवळ २८ मिमी मिळतं. तिचा फोकस १ मीटरवर ठेवला तर दूरच्या दिव्याचा ठिपका क्रॉप सेन्सरच्या (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) रुंदीच्या सोळाव्या भागाएवढा येतो, अर्ध्या मीटरवर आणला की दुप्पट.

लांबट ठिपक्यांचं म्हणाल, तर सगळे एकाच दिशेला ओढलेले असतील तर हात हलला. फक्त कडेचे लिंबासारखे असतील तर तो लेन्सचा स्वभाव. छिद्र एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) लहान केलं की कमी होतो, पण ठिपकेही लहान होतात. शटर १/१०० सेकंदावर ठेवा. त्याहून फार वेगात गेलात तर विजेबरोबर लुकलुकणाऱ्या एलईडी माळांतले काही दिवे विझलेलेच सापडतात, जनरेटरवरच्या रथावरसुद्धा. एक्स्पोजर एक स्टॉप कमी ठेवा, नाहीतर ठिपके पांढरे पडतात आणि माळेचा रंग उडतो.

प्रश्न: ठिपके पिंपळपानाच्या आकाराचे करता येतील का?
– निपाणी

उत्तर: येतील. काळ्या कार्डशीटची चकती लेन्सच्या तोंडाएवढी कापा, मधोमध पान कोरा आणि चकती काळ्या टेपने कडेकडेने बसवा. ५० मिमी एफ १.८ साठी पान १२ ते १५ मिमी, किट लेन्ससाठी ६ मिमी. त्याहून मोठं कोरलं तर लेन्सचं छिद्रच आड येतं आणि पानाचं टोक कापलं जातं. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडंच हवं. चकती मध्यापासून सरकली तर एका बाजूचे ठिपके अर्धवट येतात. अक्षर कोरणार असाल तर ते कॅमेऱ्यामागून सुलट वाचता येईल असं बसवा. मागचे दिवे तसेच सुलट उमटतात. फोकसच्या अलीकडचे मात्र उलटे.

प्रश्न: दिवे नसलेले, पण असाच मुद्दाम फोकस घालवलेले फोटो दाखवले की लोक ‘चुकलाय’ म्हणतात.
– खानापूर

उत्तर: ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या कोलकात्यात जन्मलेल्या छायाचित्रकार बाईंनाही १८६०च्या दशकात हेच ऐकावं लागलं होतं. तरी लोकांचं अगदीच चूक नाही. थोडासा गेलेला फोकस चूकच वाटतो. घालवायचा तर असा घालवा की बारकावे पुसले जातील, पण आकार ओळखता येईल. संध्याकाळच्या आभाळावर राजहंसगडाचा बुरूज टिकतो. बाजारातली गर्दी एकाच राखाडी लगद्यात विरते. एकाच चौकटीचे पाच फोटो घ्या, दरवेळी रिंग थोडी फिरवून. निवड मात्र कॅमेऱ्याच्या पडद्यावर करू नका. तीन इंचात कमी धूसर फोटो स्वच्छच दिसतो आणि योग्य धूसर असलेला थोडासाच चुकलेला वाटतो, म्हणून नेमका तोच तुम्ही पुसून टाकता.